बाटलीतली केळीबाग

केळीचा मुनवा शेतातून उपटून आणला की तो किलो-दीड किलोचा भरतो. लॅबच्या मागच्या मोरीवर त्याची माती धुवायची, मुळं छाटायची आणि मग सोलायला बसायचं. कांद्याचा एकेक पापुद्रा निघावा तसे एकात एक गुंडाळलेले पानांचे देठ निघत जातात. बोटांना चीक लागतो. हवा लागली की तो तपकिरी होतो आणि ओढणीवर पडला तर जन्मात निघत नाही. सोलता सोलता शेवटी हातात सुपारीएवढा पांढरा तुकडा उरतो. त्याच्या मधोमध, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा, झाडाचा वाढता कोंब असतो. बाकी सगळा मुनवा खताच्या खड्ड्यात जातो. त्या सुपारीतून वर्षभरात सात-आठशे रोपं तयार होतात, म्हणजे जवळजवळ अर्ध्या एकराची बाग.

हे काम मी एकोणीस वर्षं करते आहे. मी रावेर तालुक्यातली, केळी पिकवणाऱ्या घरातली. बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलं तेव्हा आप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणाले होते, ‘‘आपल्याकडं झाडं काय कमी आहेत, म्हणून ती कॉलेजात जाऊन शिकायची?’’ शिक्षण संपलं तेव्हा जळगावजवळच्या एका टिश्यू कल्चर लॅबमध्ये मुली हव्या होत्या, तिथं लागले. पहिली आठ वर्षं बाटल्या भरल्या. आता रोपांची विषाणूचाचणी करते. नात्यातल्या, ओळखीच्या बायका विचारतात की जैवतंत्रज्ञान, जनुकं, डीएनए हे सगळं पेपरात वाचतो, पण ते आपल्या घरात कुठं असतं? मी त्यांना त्यांच्याच फळांच्या टोपलीकडं बोट दाखवते. आमच्या तापीकाठावरून मुंबईत, दिल्लीत जाणारं केळं बहुधा अशाच एखाद्या बाटलीत वाढलेल्या रोपाचं असतं.

एखादं पिकलेलं केळं आडवं कापून बघा. मधोमध बारीक काळपट ठिपके दिसतात. ते कधीच न धरलेल्या बियांचे अवशेष. पावसाळ्यात सह्याद्रीच्या कड्यांवर रानकेळ उगवते, कुणी तिला कवदर म्हणतात. आपल्या केळीची ती लांबची बहीण. तिचं फळ फोडलं तर गर जेमतेम आणि आत काळ्या, टणक बियाच बिया. आपल्या बागेतल्या केळीला बी का नाही, याचं उत्तर तिच्या पेशीत आहे. बहुतेक झाडांत, प्राण्यांत, माणसांत गुणसूत्रांचे दोन संच असतात, एक आईकडून आलेला आणि एक बापाकडून. आपल्या खाण्यातल्या केळीत ११-११ चे तीन संच आहेत, एकूण ३३ गुणसूत्रं. बीज तयार होताना या संचांची दोन सारख्या वाट्यांत विभागणी व्हावी लागते. तीन संच दोघांत सारखे वाटता येत नाहीत, म्हणून बी धरत नाही. हजारो वर्षांपूर्वी आग्नेय आशियात कुणाला तरी असं बिनबियांचं झाड गवसलं, त्यानं बुंध्याशी आलेला मुनवा काढून आपल्या दाराशी लावला, आणि तेव्हापासून ही केळी माणसाच्या हातानं, मुनव्या-मुनव्यानं जगत आली.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आपण मुनव्याला केळीचं पिल्लू म्हणतो, पण ते पिल्लू नाही. दोघांचे गुण मिसळून नवा जीव जन्मला, असं तिथं काही घडलेलंच नसतं. मुनवा म्हणजे तेच झाड, थोडं बाजूला सरकून पुन्हा वर आलेलं. आप्पांच्या बागेत बसराई केळीची दोन हजार खोडं उभी असायची. जनुकांच्या हिशेबानं ते एकच झाड होतं.

मग लॅब कशाला हवी? मुनवे तर फुकट मिळतात. माझ्या लहानपणी सगळे तेच लावायचे. मृगबाग लावायची असली की उन्हाळ्यात बैलगाड्या भरून मुनवे यायचे. तलवारीसारख्या अरुंद पानांचे चांगले, रुंद पानांचे पाणमुनवे टाकून द्यायचे, ही पारख आप्पांना पाठ होती. पण कंदाच्या पोटात काय दडलंय, ते वरून कळत नाही. सोंडकिडा, सूत्रकृमी, विषाणू हे सगळं मुनव्यासोबत नव्या शेतात यायचं. शिवाय एक मुनवा नारळाएवढा तर दुसरा लिंबाएवढा, त्यामुळं बाग एका वेळी निसवायची नाही. एका टोकाला घड कापणीला आलेला आणि दुसऱ्या टोकाला अजून कमळही बाहेर पडलेलं नाही, अशी गत. बसराई हातात यायला दीड वर्ष लागायचं आणि कापणी दोन-तीन महिने रेंगाळायची. भाव चढला त्या आठवड्यात आपला माल तयार असेलच, याची खात्री नसायची.

नव्वदच्या दशकात जळगावच्या जैन इरिगेशननं ग्रँड नैन या जातीची टिश्यू कल्चरची रोपं आमच्याकडं आणली. हे फ्रेंच नाव आहे, त्याचा अर्थ ‘मोठी बुटकी’. सुरुवातीला लोकांनी रोपांकडं संशयानंच बघितलं. वीतभर उंचीचं, पिशवीतलं, पाच-सहा पानांचं ते रोप, आणि वर त्याला पैसे मोजायचे! पण ज्यांनी लावलं त्यांची बाग ११-१२ महिन्यांत कापणीला आली, तीही सगळी एकदम. सावदा आणि रावेरच्या स्टेशनांवरून दिल्लीकडं जाणारे वॅगन एकाच गावच्या मालानं भरू लागले. ठिबक, खतांचं वेळापत्रक आणि ही रोपं हे तिन्ही एकत्र आल्यानं हा फरक पडला. एकट्या रोपाला श्रेय देणं बरोबर नाही. पण एकसारखं, निरोगी रोप नसतं तर उरलेल्या दोन गोष्टींचा पुरता उपयोग झाला नसता. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, तोवर बैलगाडीतून मुनवे आणणं माझ्या पुतण्यांच्या पिढीला ऐकूनच माहीत होतं.

आता बाटलीच्या आत येऊ. सोललेला तुकडा निर्जंतुक करून काचेच्या बरणीत ठेवायचा. बरणी मुरांब्याच्या बाटलीएवढी, तळाशी बोटभर जाडीची पारदर्शक जेली. ही जेली म्हणजे रोपाचं जेवण. अगर घालून ती घट्ट करतात. लिटरमागं ३० ग्रॅम साखर, नत्र-स्फुरद-पालाश, लोह, जस्त, थोडी जीवनसत्त्वं. बाटलीतल्या रोपाला सूर्य नसतो, त्याला स्वतःचं अन्न पुरेसं करता येत नाही, म्हणून साखर. हे प्रमाण ठरवलं ते अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात काम करणाऱ्या मुराशिगे आणि स्कूग या दोघांनी, १९६२ साली, तंबाखूच्या पेशींवर काम करताना. जगभरच्या लॅबमध्ये आजही त्याला ‘एमएस’ म्हणतात. आमच्याकडं दहावी झालेल्या मुलीसुद्धा ‘ताई, एमएस संपलं’ असं सहज म्हणतात.

खरी किमया साखरेत नाही, दोन संप्रेरकांच्या प्रमाणात आहे. झाडाच्या वाढत्या पेशीत संपूर्ण झाड घडवण्याची सगळी माहिती असते. पान व्हायचं, मूळ व्हायचं की नवा कोंब फोडायचा, हे तिला मिळणाऱ्या इशाऱ्यांवर ठरतं. सायटोकायनिन जास्त दिलं की कोंब फुटतात, ऑक्झिन जास्त दिलं की मुळं. स्कूग आणि मिलर यांनी हे १९५७ साली दाखवून दिलं. त्याआधी वनस्पतिशास्त्रज्ञ जेलीत नारळाचं पाणी घालत, कारण त्यानं पेशी वाढतात एवढं त्यांच्या ध्यानात आलं होतं. नारळाच्या पाण्यात सायटोकायनिन असतं, ते नंतर कळलं. मला ही गोष्ट फार आवडते. शहाळ्यातलं पाणी हे मुळात नारळाच्या गर्भाला वाढवण्यासाठी असतं, आणि दुसऱ्या झाडाच्या पेशीलाही ते कळतं.

आमच्या केळीच्या तुकड्याला आधी कोंब फुटतील अशी जेली देतो. तीन-चार आठवड्यांत बुडाशी तीन-चार हिरवे कोंब येतात. ते वेगळे करून नव्या बाटल्यांत ठेवायचे. पुन्हा तीन-चार आठवडे. दर वेळी तिप्पट धरलं तरी ३, ९, २७, ८१, २४३ आणि सहाव्या फेरीला ७२९. शेवटी मुळं फुटायची जेली, मग कोकोपीटच्या ट्रेमध्ये, मग शेडनेटखाली. बाटलीत वाढलेलं रोप मऊ असतं, त्याच्या पानावर मेणाचा थर धड धरलेला नसतो. त्याला हळूहळू कोरड्या हवेची आणि उन्हाची सवय करावी लागते. याला आम्ही हार्डनिंग म्हणतो. बाळंतिणीच्या खोलीतून बाळाला अंगणात आणावं तसं ते महिना-दोन महिने चालतं.

कधी कधी संप्रेरकांचा इशारा पेशीला असा काही लागू पडतो की शास्त्रज्ञही चकित होतात. बांबू फुलायला कित्येक दशकं लागतात, हे आपल्याकडं खेड्यातल्या म्हाताऱ्यांनाही ठाऊक आहे. १९९० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या नाडगौडा, पराशरामी आणि मस्करेन्हस यांनी बाटलीतल्या इवल्याशा बांबूच्या रोपांना फुलं आणली, त्यांना बीसुद्धा धरलं. ‘नेचर’ या नियतकालिकात ते छापून आलं. आमच्या कॉलेजातल्या बाईंनी ही हकिकत सांगितली तेव्हा वर्गात कुणी हललं नव्हतं. माझ्या या कामाची सुरुवात बहुधा त्या तासालाच झाली.

साखरेच्या जेलीवर केळीच्या कोंबापेक्षा बुरशी आणि जिवाणू कितीतरी वेगानं वाढतात. म्हणून आमचं निम्मं काम स्वच्छतेचं. बाटल्या, जेली, चिमटे, ब्लेड सगळं १२१ अंशांवर दाबाखाली वाफवायचं. अंघोळ करून यायचं, केसांवर टोपी, तोंडाला मास्क, हाताला स्पिरिट. अत्तर नाही, बांगड्या नाहीत. समोरून गाळलेली हवा सतत अंगावर येते, तिला लॅमिनार म्हणतात. त्या हवेच्या पडद्यातच हात ठेवून कापायचं. बोलायचं नाही. बाटलीचं झाकण उघडल्यावर तिच्यावरून हात न्यायचा नाही. दुपारपर्यंत खांदे भरून येतात. आणि एवढं करूनही आठवड्यानं रॅकवर नजर टाकली की एखाद्या बाटलीत कोंबाच्या बुडाशी दुधासारखी साय धरलेली दिसते. ती बाटली न उघडता वाफवून फेकायची.

माझी माय विरजणाची वाटी वेगळी ठेवायची. तिला तिखटाचा चमचा लागू द्यायची नाही, आंबट झालं की शेजारून नवं आणायची. आम्हा मुलींना वाटायचं, केवढं हे सोवळं! लॅबमध्ये लागल्यावर उमगलं की तीही जिवाणूंचं संवर्धनच करत होती, आणि नियमही तेच पाळत होती. फक्त तिला हवा होता तो जिवाणू आम्हाला नको असतो.

आता आमच्याच बागेत जे घडलं ते सांगते. २०१४ सालच्या पावसाळ्यात आप्पांना दोन एकर मृगबाग लावायची होती. आमच्या लॅबची त्या हंगामातली रोपं आधीच बुक झाली होती. आप्पांनी एका नर्सरीतून तीन हजार रोपं घेतली. दिसायला छान होती, हिरवीगार, एका उंचीची. नर्सरीवाल्यानं ‘टिश्यूचीच आहेत’ म्हणून सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. दोन महिन्यांनी मी गावी गेले. आप्पा मला काही न बोलता शेतात घेऊन गेले. पानांवर शिरांना समांतर फिकट पिवळे पट्टे उठले होते, कडा आत वळल्या होत्या, काही रोपांचा पोंगा सडलेला होता. त्यांनी विचारलं, ‘‘हरण्याच ना?’’ मी हो म्हटलं.

हरण्या म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणू, सीएमव्ही. त्याच्यावर औषध नाही. मावा नावाची बारीक कीड रोगट पानात सोंड खुपसते आणि तिथून उडून निरोगी पानावर बसते, तेवढ्यात लागण होते. काम काही सेकंदांचं. रोगट रोप उपटून शेताबाहेर नेऊन गाडायचं, एवढंच हातात असतं. आप्पांनी चार दिवस मजूर लावले आणि निम्म्याहून जास्त बाग उपटली. त्यांच्या तोंडून त्या नर्सरीवाल्याला एक शिवी गेली नाही, पण मला म्हणाले, ‘‘तुमच्या बाटलीत हे कळत नाही का गं?’’

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला पुढं बरीच वर्षं लागली. पहिली गोष्ट अशी की टिश्यू कल्चर म्हणजे निरोगी, ही समजूत अपुरी आहे. कोंबाच्या अगदी टोकाशी पेशी फार झपाट्यानं वाढतात आणि रसवाहिन्या तिथवर पोचलेल्या नसतात, म्हणून विषाणू तिथं सहसा पोचत नाही. १९५२ साली फ्रान्समध्ये मोरेल आणि मार्टिन यांनी विषाणू लागलेल्या डेलियाचं असं सूक्ष्म टोक कापून त्यातून निरोगी झाड वाढवलं होतं. पण ते टोक मिलिमीटरपेक्षाही लहान. आम्ही लावतो तो तुकडा सुपारीएवढा. ज्या झाडाचा मुनवा घेतला त्या झाडातच विषाणू असेल तर तो आरामात बाटलीत येतो, आणि मग आम्ही सात-आठशे निरोगी रोपं करण्याऐवजी सात-आठशे आजारी रोपं करतो. म्हणून मातृवृक्षाची चाचणी आधी व्हायला हवी. दुसरी गोष्ट, बाटलीतून निरोगी निघालेलं रोपही नंतर आजारी पडतं. आप्पांची रोपं ज्या शेडनेटमध्ये वाढली त्याची जाळी सावलीची होती, मावा अडवणारी नव्हती, हे मी नंतर स्वतः जाऊन पाहिलं. आणि तिसरी गोष्ट सांगायलाच हवी. आमच्या बांधाला काकडीचे वेल होते. विषाणूच्या नावातच काकडी आहे. वेलवर्गीय भाज्यांवर, मिरचीवर, टोमॅटोवर तो मुक्काम करतो. रोग नर्सरीतून आला की बांधावरून, हे त्या वेळी आम्हाला ठरवता आलं नाही. चाचणी केलीच नव्हती.

त्या हिवाळ्यात मी साहेबांना सांगून चाचणी विभागात बदली मागून घेतली.

करोनाच्या साथीत घराघरात आरटी-पीसीआर हा शब्द पोचला. नाकात काडी घालून घेतलेल्या नमुन्याची जी चाचणी व्हायची, तीच मी केळीच्या पानाची करते. सीएमव्हीचा जनुकीय मजकूर आरएनएत लिहिलेला असतो, करोनाच्या विषाणूचाही तसाच. आधी त्या आरएनएची डीएनए प्रत काढायची, म्हणून नावात ‘आरटी’. मग त्या डीएनएच्या नकला. ९५ अंशांच्या आसपास तापवलं की डीएनएचे दोन धागे सुटे होतात. थंड केलं की विषाणूच्या ओळखीचा छोटा तुकडा त्यावर जाऊन बसतो. ७२ अंशांवर एक विकर, म्हणजे एन्झाइम, उरलेला धागा विणून पुरा करतं. एकाचे दोन, दोनाचे चार. अशा तीस फेऱ्या झाल्या की एका तुकड्याचे शंभर कोटींहून अधिक तुकडे होतात. पानात विषाणू नसेल तर तो ओळखीचा तुकडा कुठंच बसत नाही आणि नक्कल होत नाही.

एवढ्या उष्णतेत साधं एन्झाइम अंड्यासारखं शिजून जाईल. जे टिकतं ते अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यांत राहणाऱ्या एका जिवाणूचं आहे. थॉमस ब्रॉक यांनी साठच्या दशकात तो शोधला तेव्हा त्याचा असा काही उपयोग होईल, हे कुणाच्या मनातही नव्हतं. चोपडा तालुक्यात उनपदेवाला गरम पाण्याचा झरा आहे, लहानपणी तिथं अंघोळीला जायचो. त्याहून कितीतरी तापलेल्या पाण्यात कुणी जगत असेल आणि त्याचंच एन्झाइम पुढं मला रोज हातात धरावं लागेल, याची मला काय कल्पना!

सगळं झाल्यावर नमुने जेलच्या चकतीत सोडून वीज चालवायची आणि अतिनील प्रकाशात बघायचं. निरोगी पानाच्या रांगेत अंधार. आजारी पानाच्या रांगेत एक चमकती आडवी रेघ. ती रेघ दिसली की त्या मातृवृक्षाच्या सगळ्या बाटल्या, मग त्या शंभर असोत की पाच हजार, वाफवून नष्ट. पहिल्यांदा असा निर्णय कागदावर लिहिताना माझा हात थरथरला होता. बाटल्या भरणाऱ्या मुलींनी तीन महिने मान मोडून केलेलं काम होतं ते. एक जण रडली. मी तिला माझ्या मोबाइलमधला आप्पांच्या शेताचा फोटो दाखवला.

केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागानं २००६ साली टिश्यू कल्चरच्या रोपांसाठी प्रमाणीकरणाची व्यवस्था सुरू केली. मान्यता मिळालेल्या लॅबची रोपं विषाणूसाठी तपासली जातात, ती जातिवंत आहेत का हेही बघितलं जातं. गावी कुणी रोपं घ्यायला निघालं की मी एवढंच सांगते, रोप हिरवं आहे का ते नंतर बघा, आधी प्रमाणपत्र मागा, आणि नर्सरीची जाळी स्वतःच्या बोटानं चाचपून या.

शहरातली पाहुणी मंडळी मात्र वेगळंच विचारतात. ही केळी जीएम असतात का? इंजेक्शनची असतात का? हायब्रीड असतात का? तिन्हींचं उत्तर नाही. बाटलीत आम्ही जनुकाला हात लावत नाही. हायब्रीड म्हणजे दोन झाडांचा संकर, इथं संकरच नाही. जनुक बदललेलं एकच पीक भारतात व्यापारी शेतीत आलं आहे, ते म्हणजे २००२ पासूनचा बीटी कापूस. टिश्यूचं केळं आणि त्याच जातीच्या मुनव्याचं केळं चवीला वेगळं लागत असेल तर कारण खत, पाणी आणि पिकवण्याच्या पद्धतीत शोधावं. उसाची, डाळिंबाची, जरबेराची रोपंही अशीच बाटलीत वाढतात.

जनुकाला हात लावत नाही म्हटलं, तरी नक्कल करताना कधी कधी चूक होते, हेही सांगायला हवं. पोथीची नक्कल करणाऱ्याकडून एखादी ओळ सुटावी तसं. बाटलीत कोंब फार वेळा फोडले तर काही रोपं खुजी निघतात, काहींची पानं विचित्र. म्हणून आम्ही सात-आठ फेऱ्यांच्या पुढं जात नाही. फेऱ्या वाढवल्या तर रोप स्वस्त पडतं, हे खरं. पण शेतकऱ्याला ते खुजं झाड सहा महिन्यांनी कळतं, आणि तोवर त्यानं त्याला खत-पाणी सगळं दिलेलं असतं.

आता मला मनापासून वाटणारी काळजी. सगळी बाग म्हणजे एकच झाड, असं वर म्हटलं. एकसारखेपणातून आलेला पैसा आम्ही पाहिला. त्याची दुसरी बाजू जगानं एकदा भोगली आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोप-अमेरिकेत खाल्लं जाणारं केळं ग्रो मिशेल नावाच्या जातीचं होतं. मातीतल्या फ्युजेरियम बुरशीनं, म्हणजे पनामा मर रोगानं, मध्य अमेरिकेतल्या तिच्या बागा संपवल्या. एका झाडाकडं प्रतिकारशक्ती नव्हती, म्हणून कुठल्याच झाडाकडं नव्हती. पन्नास-साठच्या दशकांत निर्यातदार कॅव्हेंडिश गटातल्या जातींकडं वळले. इंग्लंडमधल्या एका ड्यूकच्या काचघरात जोसेफ पॅक्सटन या माळ्यानं १८३० च्या दशकात वाढवलेल्या रोपाला मालकाच्या घराण्याचं हे नाव मिळालं. बसराई आणि ग्रँड नैन दोन्ही याच गटातल्या, सख्ख्या बहिणीच. आणि आता त्याच बुरशीचा टीआर-४ हा नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो आहे. २०१९ मध्ये तो कोलंबियात सापडला. भारतात बिहार आणि उत्तर प्रदेशातल्या बागांत तो आलेला आहे. बुटाच्या तळव्याला लागलेल्या चिखलातून, पाण्यातून, मुनव्यांतून तो पसरतो आणि मातीत वर्षानुवर्षं राहतो. आमचं बाटलीतलं रोप त्याच्यापासून मुक्त असतं, पण रोपाला शेवटी मातीतच जायचं असतं.

ऑस्ट्रेलियात जेम्स डेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रानटी केळीतलं प्रतिकाराचं जनुक कॅव्हेंडिशमध्ये घातलं. २०२४ मध्ये तिथल्या सरकारनं त्या केळीला मान्यता दिली. केळीचंच जनुक केळीत घातलंय, त्याला माझा विरोध नाही. पण मला त्यातली वेगळीच गोष्ट भिडते. ते जनुक कुणी बनवलेलं नाही. ते एका बियाळ, न खाण्याजोग्या, कुणी न लावलेल्या झाडात होतं. ते झाड तोवर टिकलं होतं म्हणून सापडलं.

बेल्जियममधल्या लूव्हेन विद्यापीठात जगभरच्या केळींचे दीड हजारांहून अधिक वाण बाटल्यांत सांभाळले आहेत. बरेचसे द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर गोठवलेले. तिथं लाखो रोपं करायची नसतात, वाण मरू द्यायचा नसतो. पण रोज वापरायचं तंत्र तेच आहे, आमच्याच जेलीचं, आमच्याच चिमट्याचं.

ते वाचल्यावर मी साहेबांकडं रॅकचा एक कप्पा मागितला. आप्पांच्या विहिरीजवळ बसराईचं एकच बेट उरलं होतं, तिथून मुनवा आणला. वसईच्या एका मैत्रिणीनं घरच्या परसातल्या राजेळीचा मुनवा पाठवला. सुकेळी जिची करतात ती ही राजेळी. बसराईनं टीआर-४ पुढं टिकाव धरायचा नाही, हे मला माहीत आहे. ती मी आप्पांसाठी ठेवली. राजेळीचं वेगळं. तिच्या पेशीत दुसऱ्या जंगली पूर्वजाचा, बाल्बिसियानाचा, संच आहे, आणि त्या संचात स्ट्रीक नावाच्या विषाणूचे तुकडे झाडाच्या स्वतःच्याच डीएनएत शिवले गेलेले असू शकतात. शेतात ते निजून असतात. बाटलीत कापाकापी झाली की जागे होण्याची शक्यता असते. त्यामुळं साध्या चाचणीवर भरवसा ठेवता येत नाही. रेघ दिसली तरी ती झाडाची की विषाणूची, हे वेगळं तपासावं लागतं.

बसराईचा पहिला तुकडा बुरशीनं गेला. दुसऱ्याला दिवाळीत कोंब फुटले. आप्पा आता ऐंशीच्या पुढं आहेत. लॅबमध्ये बाहेरच्यांना येऊ देत नाहीत, म्हणून मी ती बाटली वाढखोलीच्या काचेला आतून लावून धरली. त्यांनी बाहेरून चष्मा सारखा केला आणि बराच वेळ बघितलं. मग काचेवर बोट टेकवून त्यांनी कोंब मोजले. चार होते. एकाचं पान जरा रुंद होतं. त्यांनी मला खुणेनं सांगितलं, तो काढून टाक.

राजेळीच्या सहा बाटल्या अजून कप्प्यात आहेत. त्यांच्यावर तारीख आणि फेरीचा आकडा मी स्वतः लिहिते. पुढची चाचणी सोमवारी आहे.